दोनशे चौसष्ट किलोमीटर, पन्नास मिनिटं

अंतर ही मोठी मायावी वस्तू आहे, सज्जनहो. पायांनी मोजावे तर एक भरते, चाकांनी मोजावे तर दुसरे, पंखांनी मोजावे तर तिसरेच. आणि मनाने मोजायला बसावे तर माप हातातून गळून पडते. ज्याची ही हकिकत आहे त्याने आपला उभा जन्म अंतर मोजण्यात घालवला. लाकडाची एक पट्टी, एक टोकदार पेन्सिल आणि भिंतीवरचे गोल घड्याळ एवढ्या तीन वस्तूंच्या संगतीत त्याचे केस काळ्याचे पांढरे झाले. आणि तरीही एक अंतर त्याच्याकडून चुकीचे मोजले गेले. ते कसे, एवढेच सांगायचे आहे.

गावाबाहेरच्या माळावर तो लहानसा विमानतळ होता. एक धावपट्टी, एक बुटका टॉवर, चोवीस खुर्च्यांची एक प्रतीक्षा-खोली. त्या चोविसांतल्या दोन खुर्च्या बसणाऱ्याला हमखास पाठीवर पाडत, म्हणून त्यांवर कायम वर्तमानपत्र पसरलेले असे. तिकिटाची खिडकी एक. खिडकीमागे लाकडी पडदी आणि पडदीमागे ह्या माणसाचे टेबल. टेबलावर काच, काचेखाली नकाशा, नकाशावर ह्या विमानतळापासून डोंगरापलीकडच्या विमानतळापर्यंत पेन्सिलीने ओढलेली एक सरळ रेघ. बावीस वर्षांपूर्वी ती विमानसेवा सुरू झाली, त्या दिवशी ती रेघ त्यानेच ओढली होती.

त्याचे काम असे, की दर उड्डाणापूर्वी वाऱ्याची खबर घ्यायची, वारा पुढून की मागून ते पाहायचे, त्यावरून विमानाला हवेत किती मिनिटे लागतील ते काढायचे, तेवढ्या मिनिटांना किती इंधन लागेल ते काढायचे. मग माणसे, सामान आणि इंधन यांची बेरीज करून विमानाला झेपेल एवढेच वजन भरले आहे ना, याचा तक्ता तयार करायचा. ह्या तक्त्याला सगळे शीट म्हणत. शीटवर त्याची सही झाल्यावाचून वैमानिक दार लावून घेत नसे. विमान एकोणीस आसनांचे. एवढ्याशा विमानाला एका माणसाचे वजनसुद्धा भारी पडते.

प्रतीक्षा-खोलीत नवखा प्रवासी आला, की खिडकीत वाकून हटकून विचारी, "किती लांब आहे हो?" पडदीमागून, मान वर न करता, उत्तर येई: "दोनशे चौसष्ट किलोमीटर, पन्नास मिनिटं." रस्त्याने तेच अंतर चारशे दहा किलोमीटर भरत होते आणि बसला अकरा तास लागत होते; पण ते कुणी विचारत नसे आणि तो सांगत नसे. त्यामुळे विमानतळावर त्याचे नावच पडले, अंतरमास्तर. खरे नाव पगाराच्या कागदापुरते उरले. वक्तशीर इतका, की कुणी घरी बोलावले आणि दोन मिनिटे आधी पोचला, तर कोपऱ्यावरच्या खांबाला टेकून ती दोन मिनिटे तो तिथेच संपवी. खिडकीवरच्या बाई म्हणत, "मास्तर, तुम्ही जन्माला आलात तेही वेळापत्रक बघूनच." त्यावर तो गंभीरपणे सांगे, की नाही, आईच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा नऊ दिवस उशीर झाला होता.

पण ही आई त्याला फार दिवस लाभली नाही. तो चार वर्षांचा असताना ती गेली, आणि त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी असलेली बहीण एका दिवसात त्याची आई झाली. पंधरा वर्षांची पोर ती. तिच्या स्वतःच्या वेण्या घालायला कुणी नव्हते, आणि ती ह्याचे केस विंचरून, नाक पुसून, बोट धरून शाळेत सोडायला निघे. हा रोज रडे. रोज फाटकाला घट्ट धरून बसे. एका सकाळी तिने युक्ती काढली. म्हणाली, "छोट्या, शाळा किती पावलांवर आहे ते मला माहीत नाही. तू मोजून सांगतोस?" आणि छोट्या रडायचा विसरला. एक, दोन, तीन. अंक संपत, तिथे ती पुढचा अंक सांगे. असे करत करत तो मोजायला शिकला आणि महिन्याभरात पक्का आकडा हाती आला. घर ते शाळा, नऊशे चाळीस पावले. पुढे त्याने किती मोठमोठे आकडे हाताळले. पण देवाने त्याच्या ओंजळीत टाकलेला पहिला आकडा हा, आणि तो ताईच्या हातून आला होता.

मग ताईचे लग्न झाले आणि ती डोंगरापलीकडे गेली. निघताना बसच्या खिडकीतून तिने हाक मारून विचारले, "किती पावलं रे होतील?" हा तेव्हा दहा वर्षांचा. बस वळणाआड गेल्यावर तो बराच वेळ रस्त्याकडे पाहत उभा राहिला. काही आकडे मोजायलाच नकोसे वाटतात, हे त्याला त्या दिवशी कळले.

मोठा झाला, विमानतळावर नोकरीला लागला. लग्न केले नाही. विचारले तर म्हणे, सवड झाली नाही. नोकरीची पहिली नऊ वर्षे तो दर उन्हाळ्यात रजा टाकून बसने ताईकडे जात असे. अकरा तासांचा रस्ता, घाटात पोट ढवळून निघे, अंग धुळीने माखे. दारात पाऊल टाकताच ताई पाण्याचा तांब्या पुढे करी आणि म्हणे, "आलं माझं धुळीचं गाठोडं." चार दिवस राही, भाचीला पाढे शिकवी, ताईच्या घराच्या बिजागऱ्यांना तेल घाली आणि परते.

नवव्या वर्षी ताईच्या गावाला विमान सुरू झाले. त्याला आनंद झाला तो असा, की त्याने पट्टी लावून ती रेघ दोनदा ओढली. त्या संध्याकाळी ताईला फोनवर म्हणाला, "ताई, आता तू पन्नास मिनिटांवर आलीस." ताई म्हणाली, "मी इथंच आहे रे बाबा. तू ये."

आणि इथे, सज्जनहो, ह्या साध्या, सरळ, पापभीरू माणसाकडून चूक झाली. रस्ता होता तोवर तो गेला. विमान आले आणि तो राहिला. अकरा तासांच्या प्रवासासाठी माणूस महिनाभर आधी तयारी करतो, रजा टाकतो, कपडे धुऊन ठेवतो. पन्नास मिनिटांसाठी काय तयारी करायची? आज नाही तर उद्या. सकाळी सव्वासातला एक विमान आहे, दुपारी पावणेचारला दुसरे आहे. मनात आले की बसायचे, डोळा लागण्याआधी पोचायचे. जे इतके जवळ आहे, त्याच्यासाठी घाई कशाला? कर्मचाऱ्यांना वर्षाला एक मोफत पास मिळे. रिकामे आसन असेल तर बसायची मुभा. तो पास दर वर्षी टेबलाच्या खणात पडे आणि दर वर्षाअखेरीस तिथेच मुदत संपून निजे. एकावर एक असे एकवीस पास त्या खणात होते. आपण गेलो तर शीट कोण करणार, हे एक कारण त्याने जवळ बाळगले होते. पण खिडकीवरच्या बाईंना त्यानेच सहा वर्षांपूर्वी शीट करायला शिकवले होते, हे तो स्वतःला सांगत नसे.

ताईला विमानाचे भय. देवाने पाय दिलेत ते जमिनीला टेकायला, असे तिचे म्हणणे. गुडघे गेल्यावर बसचा प्रवासही संपला. पण उतरणारे विमान बरोबर तिच्या घरावरून जाई. घराच्या मागल्या अंगणात कपडे वाळवायची दोरी होती. दुपारी विमानाचा आवाज आला, की ताई हातातले काम टाकून त्या दोरीखाली येऊन उभी राही, कपाळावर हात आडवा धरी आणि पोटाखालची चाके दिसेपर्यंत वर पाही. ज्या वस्तूवर भावाची सही आहे, ती वस्तू आपल्या छपरावरून जाते आहे, एवढे सुख तिला पुरे होते. रविवारी फोनवर हिशेब होई.

"काल चार मिनिटं उशीर केलास."

"पुढून वारा होता, ताई."

"वाऱ्याला काय, तो रोजच कुठून तरी असतो. रोज उठून विमान पाठवतोस, कधी तरी स्वतःला पाठव."

तो हसे. पुढच्या महिन्यात नक्की, असे म्हणे. ताई म्हणे, "देव सगळीकडे आहे, त्याला यायला विमान लागत नाही. तुला तर दारात उभं आहे." बोलण्यात राग नसे. राग असता तर बरे झाले असते. रागावलेल्या माणसाकडे आपण धावत जातो. प्रेमाने वाट पाहणाऱ्याला मात्र आपण खुशाल थांबवून ठेवतो.

अशी बावीस वर्षे गेली. तो सत्तावन्न वर्षांचा झाला, ताई अडुसष्टची.

कडक उन्हाचा तो दिवस. सकाळी अकराच्या सुमारास भाचीचा फोन आला. ताईच्या हृदयाचे दुखणे त्याला ठाऊक होते. आठ दिवसांपासून ती अंथरुणाला खिळली होती, हेही ठाऊक होते, आणि शनिवारी जाऊ असे त्याने ठरवले होते. तो दिवस बुधवार होता. भाची म्हणाली, "मामा, आज या. डॉक्टर म्हणाले, आता दिवस मोजू नका. ती सारखी दाराकडे बघते आणि छोट्या कुठवर आला म्हणून विचारते." तो म्हणाला, दुपारच्या विमानाने येतो, ताईला सांग, साडेचारला विमान अंगणावरून जाईल, त्यात मी असेन.

खोलीवर जाऊन त्याने कापडी पिशवीत दोन सदरे भरले. खणातून ह्या वर्षीचा, बाविसावा पास काढला. दोन वाजता तो विमानतळावर आला तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी त्याच्या टेबलावर आपली बैठक मांडली होती. अठरा तिकिटे गेली होती, एक आसन रिकामे होते; जणू त्याच्यासाठीच देवाने राखून ठेवले होते. बाई म्हणाल्या, "मास्तर, आज शीट माझी. तुम्ही आज प्रवासी. जा, त्या न मोडणाऱ्या खुर्चीत बसा."

पण वाऱ्याची नवी खबर नुकतीच आली होती, आणि कागद पाहताच त्याच्यातला मास्तर जागा झाला. वारा पुढून होता आणि नेहमीच्या दुप्पट होता. शिवाय पलीकडच्या विमानतळावर ढग उतरत होते. तिथे उतरता आले नाही तर माघारी येण्याएवढे इंधन सोबत हवे होते. आणि ऊन असे, की तापलेल्या विरळ हवेत विमानाला उचलता येणारे वजनच मुळी कमी झाले होते. "आजचं अवघड आहे. मीच करतो," तो म्हणाला आणि बाईंना उठवून स्वतः बसला.

पट्टी लावली, पेन्सिल चालली. त्या पन्नासांपैकी हवेत नेहमी बेचाळीस मिनिटे लागत, आज बावन्न. त्याचे इंधन इतके. परतीचे इतके. टपालाच्या पिशव्या त्याने खाली काढल्या. दुकानदारांची खोकी खाली काढली. आपली कापडी पिशवी खाली काढली. पुन्हा बेरीज केली. विमान सतरा किलोंनी जड भरत होते.

त्याने बेरीज वरून खाली केली, खालून वर केली. सतराच.

वैमानिक उन्हातून आत आला. वयाने तरुण, जिभेने मोकळा, आणि मास्तरावर जीव असलेला. त्याने शीट पाहिली, मग मास्तराकडे नखशिखांत पाहिले. "तुमचं वजन किती हो, मास्तर?"

"छप्पन्न."

"कागदावर किती धरलंय?"

"पंच्याहत्तर. नियमानं सगळ्यांचंच पंच्याहत्तर धरतात."

"मग खरं लिहा की. एकोणीस किलो सुटतात. बसतंय सगळं. मी काही बोलणार नाही, आणि विमान तर त्याहून बोलणार नाही."

किती सरळ वाट होती ती. लबाडीसुद्धा नव्हती, खरे तेच लिहायचे होते. त्याने पेन्सिल उचलली आणि तशीच धरून ठेवली. मग म्हणाला, "मागच्या वर्षी एक म्हातारा आला होता, आठवतो? काठीला सदरा घातल्यासारखा. त्याच्या मुलीला दवाखान्यात ठेवलं होतं. त्यालाही मी मागं ठेवला होता. त्याचेही पंच्याहत्तरच धरले होते मी."

वैमानिकाने मान खाली घातली. बाई मात्र तेवढ्यावर ऐकणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, मी खोलीत जाऊन विचारते, कुणीतरी उद्यावर जायला तयार होईल. नाही तर एक गृहस्थ दोन पेट्या घेऊन आले आहेत, त्यांतली एक मागे ठेवू. त्या निघाल्यासुद्धा. आणि तेव्हा ह्या माणसाच्या तोंडून ते वाक्य निघाले, जे बावीस वर्षे त्याच्या जिभेच्या टोकावर घर करून राहिले होते.

"राहू द्या बाई. फुकट पासवाला मी. तिकिटवाल्यांना कशाला त्रास? उद्या सकाळी सव्वासातला आहेच की. पन्नास मिनिटांचं तर अंतर."

आणि त्याने शीटवरची एकोणिसावी ओळ पट्टी लावून, सरळ रेघेत, खोडली.

तो प्रामाणिकपणा होता की ती सवय होती? नियमाला जागणारे मन बोलत होते, की उद्यावर ढकलायला सोकावलेली जीभ? ज्याच्या दरबारात काट्याला खोट नाही, तोच ह्याचा तोल सांगू शकेल. आपण एवढेच जाणतो, की खोडून झाल्यावर त्याने खाली नेहमीसारखी सही केली. आपण काही गमावतो आहोत, असे त्याला वाटलेच नाही. एक रात्र मध्ये आहे, इतकेच वाटले.

त्याने भाचीला फोन केला. आज जमत नाही, उद्या साडेआठच्या आत घरी असेन, असे सांगितले. मग भाची म्हणाली, "बरं, मामा."

तीन एकोणपन्नासला विमानाची चाके जमिनीवरून सुटली. तो धावपट्टीच्या कुंपणाशी उभा राहून पाहत होता. भरल्या उन्हात ते विमान जडपणे चढले, आणि त्याला वाटले, बरे झाले, आपले वजन आणखी असते तर कष्टाने चढले असते. मग तो टेबलाशी येऊन बसला. पलीकडच्या विमानतळावरचा त्याचा जोडीदार, ज्याचा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता, त्याचा आवाज ठरल्याप्रमाणे फोनवर आला: "उतरलं. चार एक्केचाळीस." त्याने नोंदवहीत चार एक्केचाळीस लिहिले. मनाशी वजाबाकी केली. बरोबर बावन्न मिनिटे. गणित एका मिनिटानेही चुकले नव्हते. आणि सांगायला जड जाते, पण त्या क्षणी त्याला थोडे समाधानही वाटले.

पाच वाजून गेल्यावर भाचीचा फोन आला. ती एवढेच म्हणाली, "मामा, आई गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातच्या विमानात तीन आसने रिकामी होती. शीट बाईंनी केली. मग त्यांनी त्याची पिशवी हातातून घेतली आणि शिडीपर्यंत स्वतः नेली. जन्मात पहिल्यांदा तो विमानात बसला. खिडकीशी बसला. खाली डोंगर आले आणि डोंगरांवर पडलेला रस्ता दिसला, दोऱ्याचा गुंता टाकून द्यावा तसा. ह्याच रस्त्याने तो नऊ वर्षे गेला होता. त्यावर एक बस होती, नखाएवढी, हलते की नाही ते कळू नये इतकी हळू. तो तिच्याकडे पाहत राहिला आणि ती मागे पडली.

वारा पडला होता. पस्तीस मिनिटांतच विमान खाली येऊ लागले. त्याने काचेला कपाळ टेकवले. ताईचे घर ह्याच वाटेवर होते, हे त्याला माहीत होते. खाली शेकडो छपरे होती, शेकडो अंगणे होती, कितीतरी दोऱ्यांवर कपडे वाळत होते. त्यांतले ताईचे कोणते, ते त्याला कळले नाही. खालून तिने त्याचे विमान बावीस वर्षे अचूक ओळखले; वरून त्याला तिचे अंगण एकदाही ओळखता आले नाही.

घराचे दार उघडे होते. ताई मधल्या खोलीत होती, आणि तिचा चेहरा, माणसाने काही ऐकता ऐकता झोपी जावे, तसा होता. तो तिच्या पायांशी बसला. रडला नाही, त्याने तिची पावले दोन्ही हातांत धरली आणि धरूनच ठेवली. ह्याच पावलांशी पाऊल जुळवून तो एक, दोन, तीन म्हणायला शिकला होता.

बऱ्याच वेळाने भाची शेजारी येऊन बसली. रात्रभराच्या जागरणाने तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "मामा, माझ्याकडून एक पाप झालं. तुम्ही येत नाही, हे मी आईला सांगितलंच नाही."

त्याने मान वर केली.

मग तिने सांगितले ते असे. फोन ठेवून ती आत आली तेव्हा आई विचारत होती, निघाला का. तिच्या तोंडून होय निघून गेले. त्यानंतर आईने पाणीसुद्धा घेतले नाही. डोळे मिटून, कान देऊन पडून राहिली. सातआठ मिनिटे उशीर झाला, तेव्हा पुटपुटली, की पुढून वारा असेल. आणि मग आवाज आला. लांबून, मग छपरावर. भांडी थरथरली. आईने डोळे उघडले.

"म्हणाली, 'आला छोट्या. दार उघड.' मी म्हटलं, अगं, तळावरून घरी यायला वेळ लागेल त्याला. तर म्हणाली, 'तू उघड आधी. उन्हातून येईल तो.' मी उठून दार उघडायला गेले, मामा. तिचं समाधान म्हणून गेले. परत आले तर..."

किती वाजता, हे त्याला विचारायची गरजच नव्हती. विमान घरावरून जाते आणि दोन मिनिटांनी चाके टेकतात. चार एक्केचाळीसमधून दोन. ती वेळ त्याच्या वहीत होती, त्याच्या हातची होती. तिचा श्वास सुटत होता त्या घटकेला तो पट्टी सरळ करून, फोनकडे कान देऊन, आपले गणित बरोबर येते का, त्याची वाट पाहत बसला होता.

"खोटं बोलले मी तिच्याशी," भाची म्हणाली.

"नाही गं," तो म्हणाला. "तिच्या लेखी आलो ना मी? तेवढं तरी तू केलंस. माझ्यानं तेही झालं नव्हतं." आणि मग, दाराकडे पाहत, हळूच विचारले, "हे कालपासून उघडंच आहे?"

"लावायला हात होईना."

तेव्हा तो रडला. चार वर्षांच्या पोराने फाटकाला धरून रडावे तसा, तोंड उघडे टाकून रडला, आणि ह्या वेळी त्याला पावले मोजायला सांगणारे कुणी नव्हते.

दुपारी ताईला घेऊन निघाले. तिच्यासोबत चालताना त्याचे ओठ हलत होते. लोकांना वाटले, देवाचे नाव घेतो आहे. घेतच होता म्हणा ना. ज्याची त्याची जपमाळ वेगळी असते. त्या उघड्या दारापासून ताईच्या शेवटच्या जागेपर्यंत सहाशे बारा पावले झाली. आकडा त्याने कुणाला सांगितला नाही. सांगायचा तो जिला, तिने आता विचारायचे सोडून दिले होते.

चार दिवस तो राहिला. बिजागऱ्यांना तेल घातले. निघायच्या सकाळी भाचीने विमानाचे विचारले, तेव्हा तो म्हणाला, बसने जातो. ती म्हणाली, मामा, अकरा तास, ह्या वयात, ह्या उन्हात? विमानात जागा आहे, पन्नास मिनिटांत पोचाल. तो चपला पायात सरकवत म्हणाला, "माहीत आहे. म्हणूनच."

बस आठला सुटली. बावीस वर्षांनी तो त्या रस्त्याला लागला होता. मैलाचे दगड येत होते आणि एकेक करून तो त्यांना पाहत होता. घाट आला, पोट ढवळले, धूळ अंगावर बसली. दुपार झाली तरी अर्ध्याहून थोडाच अधिक रस्ता सरला होता. हाडे दुखत होती, आणि त्या दुखण्यातून त्याला हळूहळू कळत होते, की ताई किती लांब होती. ही इतकी लांब होती. इतक्या लांबून तिने वाट पाहिली, आणि आपण तिला जवळ आहेस म्हणून सांगत राहिलो.

चारच्या पुढे इंजिन तापले म्हणून बस वळणावर थांबली. माणसे पाय मोकळे करायला उतरली, तोही उतरला. आणि डोंगरामागून आवाज आला. त्याची ओळख त्याच्या कानांना सांगावी लागली नाही. त्याने कपाळावर हात आडवा धरला आणि वर पाहिले. निळ्यात एक पांढरा ठिपका, त्याच्या गावाकडून ताईच्या गावाकडे चालला होता. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी सहज विचारले, "कुणी आहे का तुमचं त्यात?"

तो ठिपका दिसेनासा होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग सवयीने मनगटाकडे पाहिले.

"नाही," तो म्हणाला. "चार मिनिटं उशीर झालाय. पुढून वारा असणार."